आजोबांचा वाचाघात, नातवाचे उशिरा बोलणे: सोलापुरातील एका तेलुगू-मराठी घराचे प्रकरण

सोलापूरच्या पूर्व भागात दुकानांच्या पाट्या मराठीत वाचायच्या आणि गल्लीतले बोलणे तेलुगूत ऐकायचे, हे तिथल्या कोणालाही नवे नाही. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेली पद्मशाली विणकरांची घरे इथे यंत्रमागावर चादरी आणि टॉवेल विणत राहिली आणि घरातल्या बायका विड्या वळत राहिल्या. या प्रकरणातले कुटुंब अशाच घरांपैकी एक आहे. ओळख पटू नये म्हणून वय, नाती आणि कामाचे काही तपशील बदलले आहेत. भाषांचा गुंता मात्र होता तसाच ठेवला आहे, कारण सांगण्यासारखे जे आहे ते त्या गुंत्यातच आहे.

रुग्ण ६७ वर्षांचे निवृत्त यंत्रमाग कामगार. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तपुरवठा खंडित होऊन पक्षाघात झाला, उजवा हात आणि पाय लुळे पडले आणि वाचा गेली. जिवाचा धोका टळल्यावर सहाव्या आठवड्यात त्यांना माझ्याकडे वाचा-भाषा उपचारासाठी पाठवण्यात आले. सोबत पत्नी, सून आणि घरी सांभाळायला दुसरे कोणी नसल्यामुळे तीन वर्षे दोन महिन्यांचा नातू असे तिघे यायचे. नातू कोपऱ्यातल्या खेळण्यांपाशी बसायचा आणि काहीच बोलायचा नाही. पहिल्या तीन भेटींत मी त्याच्याकडे लक्ष दिले नाही. या प्रकरणातली माझी ही दुसरी चूक. पहिली त्याहून मोठी होती.

पहिली चूक अशी की मी त्यांना केवळ मराठीत तपासले. कारण साधे आणि लाजिरवाणे होते: मला तेलुगू येत नाही, आणि काकांना मराठी 'चांगले' येते असे त्यांच्या मुलाने फोनवर सांगितले होते. ठरल्या पद्धतीप्रमाणे सहज बोलणे, आकलन, पुनरुच्चार आणि चित्रे ओळखून नाव सांगणे या चार अंगांनी तपासणी केली. बोलणे तुटक, एकदोन शब्दांचे आणि प्रयत्नाने ओढून काढलेले, ऐकलेले बरेचसे कळते, पुनरुच्चार अवघड. ब्रोका प्रकारचा तीव्र वाचाघात, म्हणजे दवाखान्यात ज्याला अ‍ॅफेझिया म्हणतात तो, असे निदान मी नोंदवले. निदान चुकीचे नव्हते, पण त्याखाली लिहिलेल्या दोन ओळी चुकीच्या होत्या.

त्यांतली एक ओळ व्याकरणाबद्दल होती. चित्रातला जेवणारा माणूस पाहून काकांनी मोठ्या कष्टाने "मी... भाकरी... खाल्लो" असे म्हटले होते. प्रमाण मराठीत 'मी भाकरी खाल्ली' असे कर्माप्रमाणे क्रियापद येते, म्हणून मी तो प्रयोग वाचाघातामुळे झालेली चूक म्हणून मोजला आणि तशा आणखी काही वाक्यांवरही खुणा केल्या. वास्तविक 'मी काम केलो', 'मी भाकरी खाल्लो' हे सोलापूरकडचे रोजचे बोलणे आहे, धडधाकट माणसाचे. तेलुगूत भूतकाळातले क्रियापद कर्त्यालाच धरून चालते, त्यामुळे तेलुगू घरातल्या माणसाच्या तोंडी हे रूप आणखीच पक्के बसलेले असते. मी पुण्याच्या मराठीचे माप सोलापूरच्या माणसाला लावले होते. खुणा पुसल्या तेव्हा व्याकरणाच्या चुका निम्म्याहून कमी उरल्या.

दुसरी ओळ होती, 'मराठी तुलनेने शाबूत.' याला आधार काय, तर पाढे. काकांना आकडे मोजायला सांगितले तेव्हा त्यांनी दोनचा पाढा धरला आणि 'बे एके बे'पासून 'बे दाहे वीस'पर्यंत एका दमात, न अडखळता म्हटला. सून तोंडाला पदर लावून रडली. इतक्या दिवसांनी आवाज ऐकला होता. मीही हुरळलो. पण पाढे, वारांची नावे, स्तोत्रे आणि शिव्या असे घोकलेले किंवा सवयीने तोंडात बसलेले बोलणे वाचाघातात बहुधा वाचते, आणि ते ज्या भाषेत पाठ झाले त्याच भाषेत बाहेर येते. काका मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले, म्हणून पाढे मराठीत. 'पाणी' हा एक शब्द मागण्यासाठी त्याच मराठीत त्यांना अर्धा मिनिट लागत होता. पाठांतरावरून कोणत्याही भाषेची शाबुती ठरवता येत नाही, हे पुस्तकातले वाक्य मला विद्यार्थीदशेपासून ठाऊक आहे.

तिसऱ्या भेटीत काकूंनी, ज्या तोवर एक शब्दही बोलल्या नव्हत्या, मोडक्या मराठीत सांगितले: "घरी बोलतेत. पर माझ्याशी मराठीत बोलतेत." आणि मान खाली घातली.

या वाक्याचे वजन समजायला त्या घराचा भाषेचा इतिहास माहीत हवा, जो मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. काकांचे आईवडील, बायको, भावकी आणि मागावरचे बहुतेक सोबती यांच्याशी जन्मभर तेलुगू. शाळा, वर्तमानपत्र, दवाखाना आणि सरकारी कागद मराठीत. सूत आणि माल घेणाऱ्या व्यापाऱ्यांशी हिंदी, कानडी कामापुरती. तेलुगू लिपी मात्र त्यांना अजिबात येत नाही. वाचतात ते फक्त देवनागरी. काकू शाळेत गेल्या नाहीत. त्यांचे मराठी बाजारापुरते आणि विडीच्या हिशेबापुरते. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने त्यांच्याशी मराठीत बोलण्याचा प्रसंग पाहुण्यांसमोर सोडला तर आला नव्हता. आता तो पाणी मागतो तेही परक्या बाईशी बोलावे तसे मागतो, असे त्यांना वाटत होते.

हैदराबादला शिकलेल्या एका सहकारी बाईंनी व्हिडिओ कॉलवरून तेलुगू तपासणी करण्याचे कबूल केले. सून फोन धरायची आणि चित्रे दाखवायची. इथे दुभाष्याची नेहमीची अडचण आली. काका "नोप्पि..." एवढेच म्हणाले की सून सांगायची, "पाय दुखतोय म्हणतात." तेलुगूत नोप्पि म्हणजे दुखणे, पाय हा शब्द तिने आपल्या मनाने जोडला होता. घरचा माणूस दुभाषा झाला की प्रेमापोटी तो रुग्णाचे वाक्य पुरे करतो, आणि आपल्याला तपासायचे असते ते नेमके अपुरेपण. तिला समजावले की काकांनी टाकलेला श्वास, अडखळणे, अर्धा शब्द सगळे जसेच्या तसे सांगायचे, अर्थ लावायचा नाही. दुसऱ्या दिवशीपासून तिने ते इतके चोख केले की तिचा हेवा वाटला.

घरातल्या वस्तूंची वीस चित्रे घेतली. मराठीत पाच नावे आली, तेलुगूत नऊ, आणि कोणत्याही भाषेतले चालेल असे धरल्यावर अकरा. मराठीत एका टप्प्याची सूचना कळत होती, तेलुगूत दोन टप्प्यांची. दोन्ही भाषांत आवाज जवळचे असलेले शब्द सोपे गेले: खुर्ची आणि कुर्ची, कात्री आणि कत्तेर, घड्याळ आणि गडियारम्. एका भाषेतला शब्द अडकला की दुसऱ्या भाषेतले भावंड त्याला ढकलून बाहेर काढत होते.

म्हणजे तेलुगू अधिक सशक्त होती. रिबो या फ्रेंच अभ्यासकाने १८८१ मध्ये मांडले की आधी शिकलेले शेवटी जाते, म्हणून पहिली भाषा टिकते. १८९५ मध्ये पित्र या दुसऱ्या फ्रेंच अभ्यासकाने उत्तर दिले की आजारापूर्वी जी भाषा सर्वांत अधिक वापरात होती ती आधी परतते. आज या दोन्हींना नियम कोणी मानत नाही, कारण दोन्ही भाषा बरोबरीने परतणे, एकच परतणे, एक परतताना दुसरी मागे हटणे, दोन्ही मिसळून येणे असे सगळे प्रकार नोंदले गेले आहेत. आमच्या काकांच्या बाबतीत मात्र दोघांचेही उत्तर तेलुगू हेच होते. तरीही बायकोसमोर तोंडातून मराठी येत होती.

याचा उलगडा असा की भाषा शिल्लक असणे आणि योग्य माणसासमोर योग्य भाषा निवडता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. द्विभाषिक माणसाच्या मेंदूत दोन्ही भाषा सतत जाग्या असतात आणि एकीला दाबून दुसरीला वाट द्यावी लागते. या दाबण्या-सोडण्यात मेंदूच्या खोल भागातील गाठींचा, ज्यांना बेसल गँगलिया म्हणतात, मोठा वाटा असतो. तिथे इजा झालेल्या रुग्णांत भाषा आपोआप बदलल्याच्या नोंदी आहेत. काकांच्या स्कॅनमध्ये डाव्या बाजूच्या या गाठींनाही इजा दिसत होती. रुग्णालयात सहा आठवडे परिचारिका, डॉक्टर आणि नंतर मी, सगळे मराठीत बोलत होतो. जागी राहिलेली भाषा मराठी होती आणि तिला दाबणारा हात ढिला पडला होता. हे काकूंना सांगताना मी स्कॅनचा विषय काढला नाही. एवढेच म्हणालो की दोन दारांच्या खोलीचे एक दार नीट लागत नाही, म्हणून चुकीच्या दारातून माणूस बाहेर येतो. तो तुम्हाला परके समजत नाही. त्यांनी सुनेकडून ते दोनदा तेलुगूत वदवून घेतले.

भाषामिश्रण म्हणजे बिघाडच, असेही नाही. काकांच्या तेलुगू वाक्यांत धोटा, कांडी, ताणा, बीम हे मागावरच्या कामाचे शब्द वारंवार येत, आणि सहकारी बाईंनी त्यांवर प्रश्नचिन्ह टाकले होते. काकांच्या एका जुन्या सोबत्याला विचारले तर तो हसला: कारखान्यात सगळेच असे बोलतात. आजारापूर्वीचे मिश्रण किती आणि कसे होते हे विचारल्याशिवाय आजारातले मिश्रण मोजता येत नाही, म्हणून ते शब्द बिघाडाच्या यादीतून काढले. काकूंशी पूर्ण वाक्य मराठीत बोलणे तेवढे ठेवले.

आता उपचार कोणत्या भाषेत? मुलाचे म्हणणे ठाम होते: मराठीत. बँक, दवाखाना, पेन्शनचा कागद सगळे मराठीत, शिवाय डॉक्टरसाहेबांनाही तीच येते. त्याला काकांचा दिवस तासातासाने लिहून काढायला सांगितले. सकाळचा चहा, अंघोळ, औषधे, जेवण, दुपारी दारात बसणे, संध्याकाळी शेजारी येणे. जवळजवळ सगळी माणसे तेलुगू. मराठी महिन्यातून दोनदा, तीही माझ्याशी. कागद पाहिल्यावर त्याने वाद घातला नाही.

आम्ही तेलुगू मुख्य आणि मराठी जोडीला असे ठरवले. एका भाषेतल्या सरावाचा फायदा दुसरीला होतो का, यावर संशोधनाचे उत्तर एकसुरी नाही. २००६ मध्ये एडमंड्स आणि किरण यांनी इंग्रजी-स्पॅनिश बोलणाऱ्या तीन व्यक्तींवर केलेल्या छोट्या अभ्यासात दुबळ्या भाषेतला सराव सशक्त भाषेत उतरल्याचे दिसले. तो धागा पुरता धरायचा तर मी मराठी आधी घ्यायला हवी होती. पण तीन माणसांच्या निष्कर्षापेक्षा समोरच्या बाईची खाली गेलेली मान मला अधिक जड वाटली, आणि आजही तो निर्णय मी बदलणार नाही.

कार्डे बनवताना काकांना तेलुगू लिपी येत नसल्याचे आठवले, म्हणून तेलुगू शब्द देवनागरीत लिहिले: नीळ्ळु, अन्नम्, मंदु, कुर्ची. पाणी, भात, औषध, खुर्ची. पहिले अक्षर दिसले की शब्द अनेकदा सुटायचा. प्रत्येक वस्तू कुठे असते, कशाची असते, तिचे काय करतात हे हावभावांनी आणि शब्दांनी काढून घेत नावापर्यंत यायचे, ही नेहमीची पद्धत. फक्त प्रश्न काकू विचारत आणि मी बाजूला बसे. मीही चाळीसेक तेलुगू शब्द शिकलो, ज्यांच्या उच्चारावर काकांना पहिल्यांदा हसू आले. भाषेची निवड सुधारण्यासाठी एकच नियम केला: काकांनी काकूंकडे मराठीत मागितले तर वस्तू आधी द्यायची, मग तोच शब्द तेलुगूत शांतपणे म्हणायचा, आणि रागवायचे नाही. तहानलेल्या माणसाला पाण्यासाठी परीक्षा देऊ नये.

नातू या सगळ्यात एके दिवशी आपसूक आला. कार्डे मांडली होती आणि दुधाच्या पेल्याचे चित्र पाहून तो कोपऱ्यातून म्हणाला, "पालु." तेलुगूत पालु म्हणजे दूध. सून ओशाळून सांगू लागली की बालवाडीत हा असेच म्हणत रडला, तेव्हा ताई भिंतीवर पाल शोधत बसल्या. सगळे हसले. मग तिने हळू आवाजात पुढचे सांगितले: कोणीतरी सल्ला दिला होता की मूल उशिरा बोलते आहे, दोन भाषांनी गोंधळले आहे, घरात मराठी सोडून काही बोलू नका. तेव्हापासून ती मराठीतच बोलत होती. काकूंना मराठीत गोष्ट सांगता येत नव्हती, म्हणून त्या नातवाशी बोलेनाशाच झाल्या होत्या. आणि ज्याच्या मांडीवर बसून हा पोरगा तासन् तास तेलुगू ऐकायचा, त्या आजोबांची वाचा त्याच महिन्यात गेली होती.

एका चांगल्या हेतूच्या सल्ल्याने आणि एका पक्षाघाताने मिळून त्या मुलाच्या कानावर पडणारी भाषा किती आटली असेल, याचा हिशेब मांडायला आकड्यांची गरज नाही. तरीही मुलाला सरळ 'ठीक आहे, घरातले वातावरण बदला' असे सांगून सोडणेही चुकीचे ठरले असते, आणि द्विभाषिकतेच्या बाजूने बोलणारे आम्ही लोक इथे कधीकधी घसरतो. आधी श्रवणचाचणी करून घेतली. ऐकू नीट येत होते. मग त्याचे शब्द मोजले, आई आणि आजीने दोन आठवडे ठेवलेल्या यादीवरून. तेलुगूत एक्केचाळीस, मराठीत अठ्ठावीस. अकरा गोष्टींना त्याच्याकडे दोन्ही भाषांत शब्द होते, म्हणजे त्याला नाव देता येणाऱ्या गोष्टी अठ्ठावन्न. केवळ मराठी मोजली असती तर तो होता त्याहून फार मागे दिसला असता. पण अठ्ठावन्नही कमीच: साधारण दोन वर्षांच्या मुलाकडून पन्नासेक शब्द आणि दोन शब्दांची जोडणी अपेक्षित असते, आणि हा तीन वर्षे ओलांडून जोडणी एकाही भाषेत करत नव्हता.

हीच खरी कसोटी. केवळ दुसऱ्या भाषेशी ओळख कमी असेल तर मूल त्या भाषेत मागे असते, घरच्या भाषेत नाही. दोन्हींत मागे असेल तर अडचण भाषा शिकण्याच्या मुळाशी आहे, आणि तिचे कारण दोन भाषा हे नव्हे. कॅनडात २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फ्रेंच-इंग्रजी बोलणारी, भाषाविकासात अडचण असलेली सात वर्षांच्या आसपासची मुले तशीच अडचण असलेल्या एकभाषिक मुलांशी ताडली, तेव्हा व्याकरणात ती त्यांच्याहून मागे आढळली नाहीत. एक भाषा काढून घेतल्याने अडचण जात नाही. आजी तेवढी जाते. म्हणून मुलाला उपचार दोन्ही भाषांत सुरू केले: आईने मराठीत, आजीने तेलुगूत, आणि जिला जी भाषा मनापासून येते तिने तीच बोलायची. बालवाडीच्या ताईंना वीस तेलुगू शब्दांची चिठ्ठी दिली. पालु त्यात सर्वांत वर होते.

मधल्या काळात काकांच्या मुलाने एकदा मला बाजूला घेऊन विचारले की बाबांनी आयुष्यभर चार भाषा बोलल्या, त्याचा ताण येऊन तर हे झाले नाही ना. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६०८ पक्षाघाताच्या रुग्णांचा अभ्यास करून तो २०१६ मध्ये प्रसिद्ध केला, हे त्याला सांगितले. पक्षाघातानंतर विचारशक्ती शाबूत राहिलेले रुग्ण एकभाषिकांत १९.६ टक्के होते, द्विभाषिकांत ४०.५ टक्के. वाचाघाताच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता, तेही सांगितले, कारण अर्धेच सांगितले असते तर ते जाहिरातीसारखे झाले असते. अशा अभ्यासांवर वाद आहेत, पण भाषांचे ओझे होऊन मेंदू थकतो याला कुठेच आधार नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसला; आपल्या घराच्या भाषेला दोष लागला नाही, एवढेच त्याला ऐकायचे होते.

नारळी पौर्णिमेला पद्मशालींच्या मार्कंडेयाच्या रथोत्सवासाठी त्यांनी भेट चुकवली आणि मी ती आनंदाने पुढे ढकलली; गर्दीत ओळखीची माणसे भेटणे हा माझ्या खोलीतल्या तासापेक्षा चांगला सराव होता.

सहा महिन्यांनंतरची नोंद अशी. वीसपैकी तेलुगूत पंधरा चित्रे, मराठीत नऊ. मराठीतली वाढ बहुतेक दोन्ही भाषांत आवाज जवळचे असलेल्या शब्दांत, आणि आपोआप झालेली वाढ कुठली, सरावाची कुठली, हे एका माणसावरून सांगता येत नाही. वाक्ये अजून दोनतीन शब्दांचीच आहेत आणि ती फार लांबतील असे वाटत नाही. ते कुटुंबाला सांगितले आहे. दिवसा काका काकूंकडे 'नीळ्ळु' मागतात आणि माझ्याकडे 'पाणी'. संध्याकाळ झाली, थकले की काकूंकडेही मराठीतच मागतात. काकू आता वाईट वाटून घेत नाहीत, पेला पुढे करतात आणि शब्द बदलून देतात. नातवाचे उपचार चालूच राहतील, बहुधा शाळेतही. त्याची पहिली जोडणी मी ऐकली नाही, सुनेने वहीत लिहून आणली. दाराशी खुर्चीत बसलेल्या आजोबांचा डावा हात ओढत तो म्हणाला होता, "ताता, रा." आजोबा, ये. आणि काका उठले होते, काठी न घेता, म्हणून सून त्याच्यावर ओरडली होती, तेलुगूत.